गोदामातली नोंद मालाबरोबरच व्हावी

गोदामात किती माल आहे, या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी दोन उत्तरं असतात. एक कॉम्प्युटरवरचं, दुसरं स्टोअरकीपरच्या डोक्यातलं. पहिलं उत्तर साहेबांना आणि ऑडिटरला दिलं जातं, काम मात्र दुसऱ्यावर चालतं. ही दोन उत्तरं एक व्हावीत म्हणून संस्था दर काही वर्षांनी जुनं सॉफ्टवेअर टाकून नवं, मोठं, रंगीत सॉफ्टवेअर घेतात आणि अंतर तसंच राहतं. माझं म्हणणं असं की, इलाज उलट्या दिशेला आहे. माल हलवणारा माणूस जिथं उभा आहे तिथंच, माल हलतो त्याच वेळी, त्याच्याच हातून नोंद होईल असा लहानसा प्रोग्राम लिहायला हवा. तो माऊसशिवाय, फक्त कीबोर्डवर चालायला हवा.

हा विचार बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या संदर्भात करावा, कारण गोदामांचे इतके प्रकार एकमेकांना लागून असलेला ग्रामीण भाग महाराष्ट्रात फार थोडा आहे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा असे सहकारी साखर कारखाने. भिगवणची कागद गिरणी. वालचंदनगरचा अवजड यंत्रांचा कारखाना. बारामती एमआयडीसीतल्या तीनचाकी गाड्या, दूधप्रक्रिया आणि चॉकलेट. लोणी देवकरची इंदापूर एमआयडीसी. बाजार समित्या, खताच्या सोसायट्या, डाळिंबाची पॅकहाऊस. यांतल्या बड्या कंपन्यांकडे हातातले स्कॅनर आहेत, तयार यंत्रणा आहे, ती चालवणारी माणसं आहेत. त्यांची काळजी करायचं कारण नाही. प्रश्न बाकीच्यांचा आहे: कारखान्याच्या स्टोअरचा, सोसायटीच्या गोदामाचा, कृषी सेवा केंद्राच्या मागच्या खोलीचा.

साखरेच्या गोदामात चुकीच्या आकड्याची किंमत काय असते ते आधी पाहू. पन्नास किलोंच्या पोत्यांच्या थप्प्या हंगामानुसार आणि प्रतीनुसार वेगळ्या लागतात. एस-३० एकीकडे, एम-३० दुसरीकडे, गेल्या हंगामातली शिल्लक तिसरीकडे. ही साखर पुष्कळदा बँकेकडे तारण असते. त्या तारणावर उचललेल्या कर्जातून उसाची बिलं निघतात आणि १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस मिळाल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, द्यावी लागते. जून २०१८ पासून केंद्र सरकार प्रत्येक कारखान्याला विक्रीचा महिन्याचा कोटाही ठरवून देतं. म्हणजे थप्पीतल्या पोत्यांच्या आकड्यावर बँक, सरकार आणि सभासद हे तिघेही विसंबून असतात. इतक्या नजरा असल्यामुळंच साखरेचा आकडा सहसा बरोबर असतो.

स्टोअरचं तसं नाही. बेअरिंग, ऑइल सील, ग्लँड पॅकिंग, वेल्डिंग रॉड, चेन, व्ही-बेल्ट, नट-बोल्ट, गॅस्केट अशा हजारो वस्तू तिथं असतात आणि त्यांच्याकडं कुणाची नजर नसते. गाळप चालू असताना रात्री दोन वाजता एखाद्या पंपाचं बेअरिंग जातं. फिटर पळत येतो, चिठ्ठीवर सही करतो, वस्तू घेऊन जातो. चिठ्ठी खिळ्याला टोचली जाते. सकाळी क्लार्क येतो तेव्हा खिळ्यावर पंधरा चिठ्ठ्या असतात. त्यांतल्या दोन तेलानं माखलेल्या, एकीवर कुठल्या विभागाला दिलं तेच लिहिलेलं नसतं. क्लार्क अंदाजानं भरतो. मार्चअखेरच्या प्रत्यक्ष मोजणीत फरक निघतो आणि तो ‘वापर’ म्हणून दाखवून मिटवला जातो. इथं कुणी चोर नाही, आळशीही नाही. नोंद आणि घटना यांच्यात सात तासांचं अंतर पडलं, एवढाच दोष. हे अंतर पडू द्यायचं नसेल तर नोंद करणं हे चिठ्ठी खिळ्याला टोचण्याइतकं सोपं व्हायला हवं. गोदामाच्या प्रोग्रामची खरी स्पर्धा दुसऱ्या प्रोग्रामशी नसते, त्या खिळ्याशी असते.

आता माऊस का नको ते. स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरन आणि ॲलन न्यूएल या तिघांनी १९८० साली एक साधं गणित मांडलं, ते आजही कामाला येतं. बऱ्यापैकी सराव असलेल्या माणसाला एक कळ दाबायला सुमारे ०.२ सेकंद लागतात. कीबोर्डवरून माऊसवर हात न्यायला ०.४ सेकंद. बाण पडद्यावरच्या जागी नेमका पोचवायला १.१ सेकंद. म्हणजे माऊसनं एका चौकटीत जाऊन, टिचकी मारून पुन्हा कीबोर्डवर यायला दोन सेकंद गेले. पाच चौकटींचा फॉर्म असेल तर दहा सेकंद, आणि अंक टाइप करायचे राहतातच. उलट जावक नोंदीला एक खूण, वस्तूचे चार अंक, नगाचे दोन, विभागाचे दोन आणि मधली तीन एंटर इतकंच लागत असेल, तर या बारा कळांना अडीच सेकंदसुद्धा लागत नाहीत. कीबोर्डला कधी हातच न लावलेल्या माणसाला त्यांच्या हिशेबानं एका कळीला १.२ सेकंद लागतात, म्हणजे तीच नोंद चौदा सेकंदांची. पण सरावानं त्याचा हा वेळ झपाट्यानं कमी होतो. बाण नेमका नेण्याचा वेळ तसा उतरत नाही, कारण तिथं प्रत्येक वेळी डोळ्यांनी बघावंच लागतं.

सेकंदांपेक्षा डोळ्यांची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. अंकांच्या कळपाटीवर पाचच्या कळीला बारीकसा उंचवटा असतो. बोट त्यावर टेकलं की बाकीचे अंक न बघता सापडतात. गाडी खाली होत असताना मोजणाऱ्याची नजर पोत्यांवर राहिली पाहिजे. माऊस ती नजर पडद्यावर ओढून घेतो आणि नेमकं तेव्हाच एक पोतं मोजायचं राहून जातं.

अमेरिकेतल्या नायनेक्स या टेलिफोन कंपनीचा अनुभव इथं सांगण्यासारखा आहे. कंपनीला आपल्या ऑपरेटरांसाठी जुनी यंत्रं काढून नवीन, चित्रमय पडद्याची वेगवान यंत्रं घ्यायची होती. वेन ग्रे, बॉनी जॉन आणि मायकेल ॲटवुड या संशोधकांनी वर सांगितलेल्या गणिताचाच पुढचा टप्पा वापरून भाकीत केलं की नव्या यंत्रावर काम उलट हळू होईल. काही महिन्यांच्या प्रत्यक्ष चाचणीत तसंच झालं. एका कॉलमागं फरक सेकंदाच्या आतलाच होता, पण सगळ्या कॉलांचा मिळून वर्षाला सुमारे वीस लाख डॉलरचा भुर्दंड पडला असता. १९९३ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. नव्या यंत्राचा पडदा झटकन भरत होता, त्याचा वेग खोटा नव्हता. पण काम अडत होतं ते दुसरीकडं, आणि तिथं यंत्रानं एक कळ वाढवली होती. आपल्याकडं सॉफ्टवेअर विकत घेताना मिटिंगमध्ये मोठ्या पडद्यावर प्रात्यक्षिक होतं, चहा होतो, सही होते. रात्रपाळीच्या माणसाचं काम नेमकं कुठं अडतं हे पाहायला कुणी स्टोअरमध्ये जाऊन उभं राहत नाही.

कीबोर्ड आपल्या लोकांना जमत नाही, असं म्हणणाऱ्यांनी बारामतीच्या कुठल्याही आडत दुकानात किंवा टॅक्स सल्लागाराच्या ऑफिसात जाऊन टॅली चालताना बघावी. श्यामसुंदर आणि भरत गोएंका या पितापुत्रांनी १९८६ साली सुरू केलेल्या कंपनीचं हे सॉफ्टवेअर देशभरच्या बाजारपेठांत रुजलं, त्यात त्याच्या कीबोर्डचा वाटा मोठा आहे. एफ-८ म्हणजे विक्री, एफ-९ म्हणजे खरेदी, एंटर मारत पुढं, एस्केप मारत मागं. कॉमर्स शिकलेली मुलगी बिल भरताना पडद्याकडं क्वचितच बघते. त्याआधी सहकारी संस्थांत फॉक्सप्रोवर लिहिलेले प्रोग्राम वर्षानुवर्षं चालले. काळा पडदा, पांढरी अक्षरं, अंकांनी निवडायचा मेनू. मायक्रोसॉफ्टनं २०१५ च्या सुरुवातीला फॉक्सप्रोचा आधार काढून घेतला आणि ते प्रोग्राम हळूहळू मागं पडले. त्यांच्यात दोष होते, पण ते वेगवान होते आणि माणसांच्या बोटांत बसले होते. त्यांच्या जागी आलेल्या कितीतरी ब्राउझरवरच्या पडद्यांनी बोटांचं ते शहाणपण वाया घालवलं, असं मी जबाबदारीनं म्हणतो. गावोगावच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधून मराठी तीस, इंग्रजी चाळीसच्या परीक्षा दिलेली मुलं-मुली या दोन तालुक्यांत भरपूर आहेत. त्यांना कीबोर्डची भीती नाही.

मग असा प्रोग्राम असावा कसा? तो फक्त उजव्या हातानं चालला पाहिजे, कारण डाव्या हातात चलन असतं. त्यासाठी कीबोर्डच्या उजव्या बाजूची अंकांची कळपाटी पुरेशी आहे. अधिकची कळ म्हणजे आवक, उण्याची कळ म्हणजे जावक, गुणिलेची कळ शोधासाठी, भागिलेची कळ एक पायरी मागं येण्यासाठी. पडदा एकच. वर वस्तू आणि शिल्लक, मध्ये शेवटच्या आठ-दहा नोंदी, तळाशी एका ओळीत कुठली कळ काय करते ते मराठीत. ही तळाची ओळ कायम दिसली पाहिजे. नवीन माणसाला तीच शिकवते आणि जुना माणूस ती वाचत नाही, म्हणून तिचा त्रास कुणालाच नाही. कळ दाबल्यावर पडदा लगेच बदलला पाहिजे. सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षा उशीर झाला की माणसाला तो जाणवतो, आणि उशीर जाणवला की माणूस तीच कळ पुन्हा दाबतो. तिथं दुबार नोंद जन्माला येते.

वस्तूंना नवे क्रमांक देण्याची हौस टाळावी. फिटरला ६२०५ म्हणजे कुठलं बेअरिंग हे झोपेतही माहीत असतं. आतला व्यास पंचवीस मिलिमीटर, हे त्या क्रमांकातल्या शेवटच्या दोन अंकांना पाचनं गुणून निघतं. जगभर चालणारं हे नाव असताना त्यावर ‘एसटीआर-००४७१८’ असा कोड चिकटवणं म्हणजे माणसाच्या डोक्यातलं ज्ञान पुसून त्याला यादी हातात देणं. ज्यांना असा क्रमांक नाही त्यांना छोटा कोड द्यावा, आणि त्याचा शेवटचा अंक तपासणीचा ठेवावा. आधार क्रमांकाचा बारावा अंक असाच असतो. नेदरलँडचे गणिती व्हरहूफ यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या पद्धतीनं तो काढला जातो आणि एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर चूक तिथंच पकडली जाते. झोपेच्या वेळी राबणाऱ्या माणसाला दटावण्यापेक्षा एक अंक जास्त टाइप करायला लावणं कितीतरी माणुसकीचं आहे.

एककांचा गोंधळ हे आपल्या गोदामांचं खास दुखणं. २०१८ पासून युरियाची गोणी पंचेचाळीस किलोंची झाली, डीएपीची पन्नासचीच राहिली. सोसायटीचा सचिव मागणी टनात करतो, गाडी गोण्यांत उतरते, शेतकरी गोणी मागतो, अहवाल पुन्हा टनात जातो. प्रोग्रामनं माणसाला फक्त गोण्या विचाराव्यात. दोन्ही गोण्या साठच असल्या तरी युरिया २.७ टन आणि डीएपी ३ टन, हा गुणाकार यंत्रानं करावा. डाळिंबाला कॅरेट, तेलाला लिटर, पॅकिंगला किलो. जे हातानं मोजलं जातं तेच विचारायचं.

आणि खोडायची सोय ठेवू नये. सरकारी कचेऱ्यांत जडवस्तू संग्रह नोंदवही ठेवणाऱ्या कुठल्याही जुन्या कर्मचाऱ्याला हे सांगावं लागत नाही. वहीत खाडाखोड चालत नाही. चुकलं तर खाली उलटी नोंद करायची, कारण लिहायचं, सही करायची. कॉम्प्युटर आला आणि आकडा गुपचूप बदलायची सोय झाली, तिथं वहीची नीतिमत्ता गेली. नव्या प्रोग्राममध्ये शिल्लक हा आकडा कुठंच टाइप करता येऊ नये. आरंभीची शिल्लक अधिक आवक उणे जावक, एवढ्यानंच ती निघावी.

ज्या एका बाबतीत जवळजवळ सगळे प्रोग्राम चुकतात तिथं मला जरा थांबायचं आहे. फिटरच्या हातात बेअरिंग आहे, पण पडद्यावर शिल्लक शून्य दिसते, कारण काल आलेल्या मालाचं चलन अजून भरलेलं नाही. प्रोग्राम म्हणतो, शिल्लक नाही, जावक करता येणार नाही. लिहिणाऱ्याला वाटतं आपण शिस्त लावली. प्रत्यक्षात त्यानं खिळा परत आणला. मिल तर थांबवता येत नाही. वस्तू जाणारच, फक्त नोंदीशिवाय जाणार. शहाणा प्रोग्राम ही नोंद घेईल, शिल्लक उणे एक दाखवील, ती ओळ लाल करील आणि सकाळी स्टोअरकीपरसमोर सगळ्यात आधी तीच ठेवील. डोळ्यांसमोर घडलेली गोष्ट नाकारायचा अधिकार यंत्राला नाही.

देवनागरीचा प्रश्न वाटतो तितका अवघड राहिलेला नाही, पण काळजी घ्यावी लागते. जुन्या प्रोग्रामांत मराठी नावं विशिष्ट फॉन्टच्या सांकेतिक खुणांत साठवली जायची. फॉन्ट गेला की नावं वाचता येत नसत, आणि अकारविल्हे लावली तर भलताच क्रम येई. युनिकोडनं ते संपवलं. उरलं ते शुद्धलेखन. बेअरिंग, बेरिंग, बेरींग, बियरिंग ही चारही रूपं एकाच स्टोअरमध्ये सापडतात. शोध घेताना ऱ्हस्व-दीर्घ सारखे मानावेत, न-ण आणि श-ष यांचा भेद सोडावा, अनुस्वार असो-नसो नाव सापडावं. व्याकरणाचा आग्रह धरायला दुसऱ्या जागा आहेत.

विजेचं आणि रेंजचं वेगळं सांगायला नको. डेटा सर्व्हरवर, सर्व्हर पुण्याला, आणि रेंज गेली की काम बंद, असं चालणार नाही. एसक्यूलाइट नावाचा मोफत, कुणाच्याही मालकीचा नसलेला डेटाबेस साध्या एका फाइलमध्ये मावतो आणि नोंद अर्धी असताना वीज गेली तरी फाइल बिघडत नाही. जुना कॉम्प्युटर, छोटा इन्व्हर्टर आणि तीन प्रतींत गेटपास काढणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, एवढ्यावर हे भागतं.

आक्षेप येतील ते गंभीर आहेत. बारकोड असताना कीबोर्ड कशाला? तर बहुतेक साधे बारकोड स्कॅनर कॉम्प्युटरच्या दृष्टीनं कीबोर्डच असतात. ते अंक टाइप करतात आणि एंटर मारतात. कीबोर्डवर चालणाऱ्या प्रोग्रामला स्कॅनर जोडला तर एक ओळही बदलावी लागत नाही. माऊसच्या फॉर्मला मात्र आधी चौकटीत जाऊन टिचकी मारावी लागते. शिवाय ग्रीस लागलेल्या खोक्यावरचा बारकोड वाचला जात नाही, तेव्हा हातानं टाइप करायची वाट उघडी हवीच.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: आता सगळ्यांच्या खिशात मोबाइल असताना ॲपच का नको? याला वारणेचा दाखला देतात. १९९८ मध्ये वारणानगरच्या साखर कारखान्याच्या परिसरातल्या सत्तर गावांत कॉम्प्युटर बसवून ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. पुढं मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या मंडळींनी पाहिलं, तर त्या कॉम्प्युटरांचा मुख्य उपयोग उसाच्या नोंदी, खत, पाणी अशा थोड्या ठरावीक माहितीची देवाणघेवाण करण्यापुरता उरला होता. त्यांनी सात गावांत कॉम्प्युटरच्या जागी एसएमएसवर चालणारी सोय आठ महिने चालवून पाहिली. ती स्वस्त पडली आणि शेतकऱ्यांना आवडली. हा दाखला कीबोर्डच्या विरोधात जातो असं मला वाटत नाही. त्या काळचा साधा मोबाइल म्हणजे अंकांच्या बारा कळा आणि एक ओळ मजकूर. काम लहान होतं, साधन त्याच्या मापाचं मिळालं, म्हणून ते जिंकलं. आजच्या ॲपमध्ये काचेवर बोट कुठं टेकलं हे बघितल्याशिवाय कळत नाही. सिमेंट, खत, तेल लागलेल्या बोटांना काच दाद देत नाही. गोदामात फिरून मोजणी करायला मोबाइल जरूर वापरावा. दारावरच्या आवक-जावकेला मात्र खऱ्या कळाच हव्यात.

तिसरी भीती कामगारांची आहे आणि ती कुणी मोठ्यानं बोलत नाही. प्रत्येक नोंदीवर नाव आणि वेळ पडणार, म्हणजे उद्या साहेब विचारणार, रात्री एक ते तीन तुमच्या नोंदी कमी का? दुरुस्तीच्या नोंदी तुमच्याच जास्त का? असं एकदा झालं की माणूस चूक दुरुस्त करणं बंद करतो आणि आकडे पुन्हा खोटे होतात. हमाल-माथाडी कामगारांच्या संरक्षणासाठी १९६९ साली कायदा करणाऱ्या महाराष्ट्रात तरी हे व्यवस्थापनांना समजावं. प्रोग्राम बसवतानाच लेखी ठरवावं की नोंदींचा वेग आणि दुरुस्त्यांची संख्या यांवरून कुणाचं मूल्यमापन होणार नाही. नोंद मालाचा हिशेब ठेवण्यासाठी असते. तिचा उपयोग माणसावर पहारा ठेवायला केला तर ती मालाचाही हिशेब ठेवत नाही.

हे काम करायला बाहेरून कुणी यायची गरज नाही. बारामतीत विद्या प्रतिष्ठानचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे, १९६२ पासूनचं तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय आहे, संगणक शिकणारी मुलं आहेत. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी ‘इन्व्हेंटरी मॅनेजमेंट सिस्टीम’ हा विषय ठरलेला असतो. तो हॉस्टेलच्या खोलीत लिहिला जातो आणि परीक्षेनंतर कपाटात जातो. प्राध्यापकांना माझी विनंती आहे की, दोन-तीन मुलांना या पावसाळ्यात एखाद्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये पाठवा. पहिले काही दिवस त्यांनी काहीच लिहू नये, नुसतं खिडकीशी बसून कोण काय मागतं, चिठ्ठी कुठं जाते ते बघावं, आणि एक रात्रपाळी तरी करावी. कारखान्यांच्या संचालकांना विनंती की, त्यांना एक टेबल, एक जुना कॉम्प्युटर आणि स्टोअरकीपरचा रोजचा थोडा वेळ द्या. तयार झालेला प्रोग्राम सगळ्यांसाठी खुला ठेवा, म्हणजे भवानीनगरला लिहिलेला सोमेश्वरला चालेल. ऑफ सीझनमध्ये दुरुस्तीची कामं चालू असतात, स्टोअरची सगळ्यात जास्त जावक तेव्हाच असते, म्हणून चाचणीलाही तोच काळ उत्तम. बॉयलर पेटायच्या आत चार महिने हातात मिळतात, तेवढे पुरतात.